पत्र्याला दहा वर्षांची वॉरंटी, तरी पहिल्याच पावसात गळती. दुरुस्तीचा खर्च नेमका कोणाचा?

मे महिन्यात घरावर नवे पत्रे बसतात. दुकानदार सांगतो, ‘दहा वर्षांची वॉरंटी आहे, काळजी करू नका.’ जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस होतो आणि स्वयंपाकघरात बादली ठेवायची वेळ येते. दुकानदार म्हणतो, ‘माल चांगलाय, बसवणाऱ्याला विचारा.’ बसवणारा म्हणतो, ‘पत्राच हलका आणलाय.’ कंपनीला फोन केला, तर ते बिल आणि बॅच नंबर मागतात. बिल कच्चं असतं आणि बॅच नंबर कुणी पाहिलेला नसतो.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत हा प्रश्न घरापुरता नाही. इथे गोठे, पोल्ट्री शेड, गुऱ्हाळं आणि गोडाऊनवर पत्रे आहेत. रांजणगाव एमआयडीसीलगतचं कारेगाव किंवा सणसवाडीसारख्या गावांत कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्यांवरही पत्रेच दिसतात. दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतात. पावसाचे दिवस कमी, त्यामुळे छत गळतंय हे वर्षातून मोजक्या वेळाच कळतं. पाऊस उघडला की तक्रार ‘पुढच्या वर्षी बघू’वर जाते आणि इथेच मोठं नुकसान होतं, कारण तक्रारीला कायद्याने मुदत ठरवून दिली आहे.

त्यामुळे वॉरंटी नेमकी कशाची असते, गळती झाली तर कोणाला धरायचं आणि त्यासाठी हातात कोणता कागद हवा, हे समजून घेऊ.

वॉरंटी पत्र्याची असते, छताची नाही

बहुतेक वाद इथूनच सुरू होतात. कंपनी कारखान्यातून पत्रा विकते. छत तयार होतं ते पत्रा, खालचे लोखंडी पाइप किंवा अँगल, स्क्रू, वॉशर, पन्हाळ आणि बसवणाऱ्याचं काम मिळून. कंपनीची वॉरंटी यातल्या पहिल्या गोष्टीपुरतीच असते.

रंगीत, म्हणजे कलर कोटेड पत्र्याच्या वॉरंटीत साधारणपणे दोन गोष्टी असतात. पहिली, ठरावीक वर्षांत पत्रा गंजून त्याला आरपार भोक पडणार नाही. दुसरी, रंगाचे पापुद्रे निघणार नाहीत किंवा रंग ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उडणार नाही. ‘छत गळणार नाही’ असं वाक्य या कागदावर सहसा नसतं.

शिवाय वॉरंटी अनेकदा ‘प्रो-राटा’ असते, म्हणजे उरलेल्या वर्षांच्या प्रमाणातच भरपाई मिळते. समजा ६० हजार रुपयांच्या पत्र्याला दहा वर्षांची वॉरंटी आहे आणि सहा वर्षं झाल्यावर तो गंजला. उरली चार वर्षं, म्हणून हिशेब २४ हजारांचा होतो. जुना पत्रा उतरवायची आणि नवा चढवायची मजुरी त्यात धरलेली असेलच असं नाही. ते कागदावर तपासावं लागतं.

वॉरंटीत बसत नसलेल्या गोष्टींची यादी कागदाच्या शेवटी बारीक अक्षरांत असते आणि या भागासाठी तीच जास्त महत्त्वाची आहे. रासायनिक धूर किंवा वाफ असलेल्या जागा आणि जनावरांचे गोठे अनेक कंपन्या वॉरंटीतून वगळतात किंवा त्यांना कमी वर्षं देतात. कारण सरळ आहे. शेण, मूत्र आणि कोंबड्यांच्या विष्ठेतून अमोनिया वायू निघतो. तो आतल्या बाजूने, दमट हवेबरोबर पत्र्याला लागतो आणि गंज लवकर चढतो. कुरकुंभ एमआयडीसी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखली जाते. त्या परिसरात बांधकाम करणाऱ्यांनी हे कलम आधी वाचायला हवं. पोल्ट्री किंवा गोठ्यासाठी पत्रा घेताना वापर काय आहे हे दुकानदाराला सांगून बिलावर लिहून घ्यावं. त्याचं कारण पुढे येईल.

गळतीची जागा सांगते जबाबदार कोण

छत गळायला लागलं की आधी भांडण होतं आणि तपासणी नंतर. क्रम उलटा हवा. पाणी कुठून येतंय, यावर जबाबदारी बरीचशी ठरते.

- पत्र्याच्या मधोमध गंजून भोक, रंगाचे पापुद्रे: हा मालातला दोष असू शकतो. जबाबदारी कंपनीकडे आणि विकणाऱ्याकडे जाते.
- स्क्रूभोवती पाणी: स्क्रू तिरका मारला, जास्त आवळून रबरी वॉशर चेपला किंवा हलक्या प्रतीचा वॉशर वापरला, तर तिथून पाणी झिरपतं. हा बसवणाऱ्याचा दोष आहे.
- दोन पत्र्यांच्या जोडावर पाणी: एकावर एक पत्रा पुरेसा चढवला नाही किंवा उतार कमी ठेवला, तर वाऱ्याबरोबर पाणी उलटं आत शिरतं. हाही कामातला दोष आहे.
- कापलेल्या कडेला किंवा भोकाजवळ गंजाचे ठिपके: पत्रा ग्राइंडरने कापला की ठिणग्या रंगावर पडतात आणि वरचा थर जळतो. लोखंडाचा कीस तसाच राहिला तर तोही गंजतो. कंपनी इथे हमखास वॉरंटी नाकारते, आणि मग जबाबदारी कापणाऱ्यावर येते.
- भिंत आणि पत्रा यांच्या सांध्यात पाणी: हे काम गवंड्याचं होतं की फॅब्रिकेटरचं, हे आधी ठरलेलं नसेल तर दोघंही हात वर करतात.
- पन्हाळ पालापाचोळ्याने तुंबली, किंवा नंतर डिश, टाकी, केबलसाठी छतावर चढून पत्रा दबला: ही देखभालीची बाब आहे. इथे खर्च मालकाचाच.

नवं छत पहिल्याच पावसात गळत असेल, तर पत्रा गंजायला वेळच मिळालेला नसतो. अशा वेळी दोष बहुधा बसवण्यात असतो. म्हणजे ज्या वेळी वॉरंटीची सर्वात जास्त आठवण होते, त्या वेळी कंपनीचा कागद सहसा उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतो तो फॅब्रिकेटरने दिलेला कामाच्या हमीचा कागद. गावाकडे तोच कुणी घेत नाही.

पत्रा हलका निघाल्याची तक्रारही बऱ्याचदा असते. इथे जाडी कशी मोजली हे बघावं लागतं. ‘०.५० एमएम’ ही जाडी नुसत्या पोलादाची आहे की कोटिंग आणि रंग धरून आहे, यावर माल बदलतो. ‘एझेड १५०’ असं लिहिलं असेल तर एका चौरस मीटरवर दोन्ही बाजू मिळून १५० ग्रॅम जस्त-ॲल्युमिनियमचा थर आहे, असा त्याचा अर्थ. साध्या जीआय पत्र्यासाठी आयएस २७७ आणि रंगीत जीआय पत्र्यासाठी आयएस १४२४६ हे भारतीय मानक आहे. मालावर आयएसआय चिन्हाबरोबर परवाना क्रमांक असतो. तो खरा आहे का, हे भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर पाहता येतं.

‘वादळात उडालं, आम्ही काय करणार?’

एप्रिल-मेमध्ये अवकाळी वाऱ्यात पत्रे उडतात, तेव्हा ठेकेदाराचं उत्तर ठरलेलं असतं: ही नैसर्गिक आपत्ती आहे. हे उत्तर दर वेळी टिकत नाही.

वाऱ्याचा जोर किती धरून बांधकाम करावं, यासाठी आयएस ८७५ (भाग ३) हे मानक आहे. त्यात पुणे शहरासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. वळवाच्या दिवसांत हवामान विभागाचे इशारे बऱ्याचदा ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचे असतात. एवढ्या वाऱ्यात नवं छत अँगलसकट उडालं, तर प्रश्न वाऱ्याचा कमी आणि स्क्रूमधलं अंतर, अँगलची जोडणी आणि भिंतीतलं अँकरिंग यांचा जास्त असतो. गावातलं प्रत्येक घर या मानकाप्रमाणे तपासलं जात नाही. पण तक्रार करताना ही फूटपट्टी म्हणून वापरता येते. त्या दिवशी वाऱ्याचा वेग किती होता, याची नोंदही तक्रारीला जोडावी.

सरकारी मदतीचा मार्ग वेगळा आहे. त्यासाठी पंचनामा लागतो. तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, लगेच कळवावं आणि पत्रे हलवण्याआधी फोटो काढावेत. आपत्ती मदतीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये आहेत. अंशतः, म्हणजे किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये, तर गोठ्याला ३,००० रुपये आहेत. राज्य सरकार काही वेळा यात भर घालतं. तरी ही मदत आहे, पूर्ण भरपाई नाही. ती घेतली म्हणून ठेकेदाराविरुद्धची तक्रार आपोआप संपत नाही.

घराचा विमा असेल तर वादळ आणि गारपिटीचं नुकसान त्यात येऊ शकतं. एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी पॉलिसी आहे. मात्र जुनाट झाल्यामुळे झालेली झीज विम्यात धरत नाहीत.

कागद नाही, फक्त तोंडी शब्द आहे; मग?

लेखी वॉरंटी नसली तरी ग्राहक अगदीच मोकळ्या हाताने उभा नसतो.

वस्तू विक्री कायदा १९३० चं कलम १६ इथे कामाला येतं. ग्राहकाने वस्तू कशासाठी हवी हे सांगितलं आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली, तर ती त्या कामाला योग्य असली पाहिजे, ही अट कायद्यानेच गृहीत धरली आहे. म्हणूनच ‘पोल्ट्री शेडसाठी’ किंवा ‘गोठ्यासाठी’ हे शब्द बिलावर हवेत. याला एक अपवाद आहे. ग्राहकाने स्वतःच ‘मला अमुकच ब्रँड द्या’ म्हणून नाव घेऊन माल मागितला, तर वापराच्या योग्यतेची ही हमी धरली जात नाही.

बसवण्याचं काम ही ‘सेवा’ आहे. घरबांधणी ग्राहक कायद्याखालच्या सेवेत मोडते, हे सुप्रीम कोर्टाने लखनौ डेव्हलपमेंट ऑथॉरिटी विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात नव्वदच्या दशकातच स्पष्ट केलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तर सेवेच्या व्याख्येतच घरबांधणी आहे. त्यामुळे ठेकेदार छोटा असो की मोठा, त्याच्या कामातल्या त्रुटीबद्दल तक्रार करता येते.

पावती नसेल तर यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद, व्हॉट्सॲपवरचं दरपत्रक, कामाचे फोटो आणि फोनवरचे मेसेज जपून ठेवावेत. बिल न देणं हीच २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. मात्र जीएसटी वाचवायला ग्राहकानेच कच्चं बिल मागितलं असेल, तर त्याने स्वतःचा सर्वात मोठा पुरावा स्वतःच सोडून दिलेला असतो.

पोल्ट्रीवाला ‘ग्राहक’ ठरतो का?

हा या भागातला कळीचा मुद्दा आहे. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा माणूस ग्राहक कायद्यात ‘ग्राहक’ ठरत नाही. पण स्वतः राबून, फक्त उपजीविकेसाठी केलेला स्वयंरोजगार याला अपवाद आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे प्रत्येक प्रकरणातल्या वस्तुस्थितीवर ठरेल. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहक ठरतो, तसंच हे आहे.

म्हणजे घरच्या माणसांनी मिळून चालवलेलं छोटं पोल्ट्री शेड किंवा चार गाईंचा गोठा असेल, तर तक्रारीत ‘हा माझा उपजीविकेचा एकमेव व्यवसाय आहे आणि काम मी स्वतः करतो’ हे पहिल्याच पानावर लिहायला हवं. भाड्याने द्यायला बांधलेलं मोठं गोडाऊन असेल, तर समोरचा पक्ष या मुद्द्यावर हरकत घेणार हे धरूनच चालावं. तिथे दिवाणी कोर्टाचा मार्ग उरतो. तो लांबचा आहे, म्हणून अशा कामात लेखी करारच हवा.

भाड्याची खोली, फ्लॅट आणि शाळा

भाड्याच्या खोलीत आधी करार काय म्हणतो ते बघावं. करारात काही वेगळं ठरलं नसेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ नुसार जागा राहण्यायोग्य ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. हा कायदा त्यात नमूद केलेल्या क्षेत्रांतच लागू होतो, म्हणून आपली खोली त्या हद्दीत येते का, हे आधी पाहावं.

फ्लॅटचं छत म्हणजे स्लॅब. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष दिसला, तर बिल्डरने कळवल्यापासून ३० दिवसांत तो पैसे न घेता दुरुस्त करायचा आहे. केला नाही, तर भरपाई मागता येते. पाच वर्षांनंतर गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती हाउसिंग सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीच्या खर्चाने होते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकट्याने तो भार उचलायचा नसतो.

जिल्हा परिषदेची शाळा किंवा ग्रामपंचायतीची नवी इमारत गळत असेल, तर कामाच्या करारातला ‘दोष दायित्व कालावधी’ बघावा. त्या मुदतीत दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. ही मुदत कधी संपते, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. ती संपण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीने लेखी तक्रार दिली नाही, तर तोच खर्च पुन्हा सरकारी पैशातून होतो.

सोलर बसवताना पडलेली भोकं

पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती सोलरला केंद्राचं ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं आणि बसवणाऱ्या व्हेंडरने पाच वर्षं देखभाल करायची असते. पण ही देखभाल सोलर यंत्रणेची आहे. स्टँडसाठी पत्र्याला भोकं पाडली किंवा गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा फोडला, तर पत्र्याच्या कंपनीची किंवा वॉटरप्रूफिंगवाल्याची हमी तिथेच संपू शकते. व्हेंडरच्या करारात ‘स्टँडच्या जागी गळती झाल्यास दुरुस्ती व्हेंडर करेल’ ही ओळ आधीच घालून घ्यावी.

तक्रार कशी आणि कुठे?

१. गळतीचे तारखेसह फोटो आणि व्हिडिओ काढा. पाऊस चालू असतानाचा व्हिडिओ सर्वात उपयोगी पडतो.

२. दुकानदार, बसवणारा आणि कंपनी या तिघांनाही लेखी कळवा. एकालाच कळवलं, तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

३. त्यांनी पाहणी करण्याआधी दुसऱ्याकडून दुरुस्ती करून घेऊ नका. थांबणं शक्यच नसेल, तर काढलेला पत्रा, स्क्रू आणि वॉशर जपून ठेवा. मालात दोष असल्याचं म्हणणं असेल, तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

४. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं इथे तडजोडीने मिटू शकतात.

५. नाही मिटलं, तर पुण्यातल्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जा. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण इथे चालतं आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. कंपनीचं कार्यालय दुसऱ्या राज्यात असलं तरी तक्रारदार राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने व्हावी, असा अर्जही देता येतो. शिरूर किंवा दौंडहून प्रत्येक तारखेला पुण्याला जाण्याचा खर्च त्यामुळे वाचू शकतो.

मुदत आहे दोन वर्षांची, आणि ती तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात. ‘दहा वर्षांची वॉरंटी आहे, मग घाई कशाला’ हा समज इथे महागात पडतो. दोष दिसल्यानंतर दोन पावसाळे तोंडी आश्वासनांवर गेले, तर समोरचा पक्ष पहिला मुद्दा मुदतीचाच काढतो.

काम देण्याआधी एक पान लिहून घ्या

हा वाद टाळायला वकिलाने केलेला करार लागत नाही. वहीचं एक पान पुरतं. त्यावर एवढं हवं: पत्र्याची कंपनी, जाडी, कोटिंग आणि बॅच नंबर, जागेचा वापर, स्क्रू आणि वॉशरचा प्रकार, उतार किती, भिंतीचा सांधा आणि पन्हाळ कोण करणार, आणि ‘पुढचे दोन पावसाळे गळती झाल्यास कळवल्यापासून अमुक दिवसांत मोफत दुरुस्ती’. खाली तारीख आणि दोघांच्या सह्या.

पैसे देतानाही थोडा हात राखावा. ठरलेल्या रकमेचा काही भाग पहिल्या चांगल्या पावसानंतर द्यायचा, हे आधीच लिहून ठेवता येतं. सरकारी कामांत ठेकेदाराची अनामत रक्कम याच कारणासाठी अडकवून ठेवतात. कामाची खात्री असलेला फॅब्रिकेटर या पानावर सही करायला सहसा कचरत नाही. जो कचरतो, त्याचा दर कमी का होता, हे तिथेच कळतं.